लेकीची जिम्नॅस्टिक्स संघाची निवड चाचणी: माझा अनुभव

जिम्नॅस्टिक्सच्या छंदवर्गातून स्पर्धा गटात जायचं, तर आधी निवड चाचणी द्यावी लागते. माझी लेक आठ वर्षांची असताना तिने ही चाचणी दिली. कार्टव्हील (हातांवरून आडवी कोलांटी), राउंडऑफ (तशीच, पण दोन्ही पाय एकत्र टेकवून संपणारी), चक्रासनातून पाय मागे टाकून उभं राहणं हे सगळं तिला येत होतं. घरातही बहुतेक वेळ तिचे पाय वर आणि डोकं खाली. त्यामुळे हिची निवड होणारच, असं सगळे धरून चालले होते. मी मात्र मुख्य प्रशिक्षिकांना आधी गाठलं आणि विचारलं, "मॅडम, चाचणीत तुम्ही नेमकं बघता काय?"

त्या म्हणाल्या, "तिला काय काय येतं, ते कमी. सांगितलेलं अंगात किती लवकर उतरतं, ते जास्त."

मग त्यांनी एक ताकीदही दिली. चाचणी जवळ आली म्हणून घरी नवीन काही शिकवायचं नाही. व्हिडिओ बघून गादीवर बॅक फ्लिप करायला लावणारे पालक त्यांनी पाहिले होते. चुकीच्या पद्धतीने बसलेली सवय मोडायला नवीन शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मानेवर पडलं तर प्रश्न सवयीपुरता राहत नाही. घरी करायचं ते एवढंच: हॉलो होल्ड, भिंतीला पोट लावून हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं), लटकून पुलअप्स, आणि अंग गरम झाल्यावरच स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकवणं).

यातल्या हॉलोबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पालकांना तो व्यायाम वाटतच नाही. मुलीने पाठीवर झोपायचं, हात कानाला लावून डोक्यामागे लांब करायचे, खांदे आणि पाय जमिनीपासून वीतभर उचलायचे. कंबर मात्र जमिनीला चिकटलेली हवी. पहिल्या दिवशी लेकीच्या कमरेखालून माझा तळहात सहज आरपार गेला. पाय छान उचललेले, बोटं ताणलेली, पण कंबर कमानीसारखी वर. तिला वाटत होतं, आपलं अगदी बरोबर चाललंय. तिने पाय थोडे आणखी वर घेतले, बरगड्या आत ओढल्या, आणि माझी बोटं जमिनीवर दाबली गेली. "आता?" तिने विचारलं. पोट थरथरत होतं. पाच मोजेपर्यंत कंबर पुन्हा सुटली.

हाच आकार पुढे सगळीकडे लागतो. हँडस्टँडमध्ये हाच, बारवर, म्हणजे आडव्या दांडीवर, झोका घेताना हाच, व्हॉल्टवरून, म्हणजे धावत येऊन हात टेकवायच्या साधनावरून, उडताना हाच. कंबर ढिली राहिली की हँडस्टँड केळ्यासारखा वाकतो. दिसायला वाईट दिसतो, हे एक झालं. पण तशाच वाकलेल्या कमरेवर वर्षानुवर्षं भार येत राहिला, तर वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला ताणामुळे बारीक फ्रॅक्चर होऊ शकतं. म्हणून चांगले प्रशिक्षक या कंटाळवाण्या व्यायामावर इतके अडून बसतात. माझ्या मते हे अडून बसणं हीच चांगल्या क्लबची पहिली खूण.

गुणांची पद्धत समजली तेव्हा याला आणखी अर्थ आला. २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोन वेगळे गुण देऊन त्यांची बेरीज करतात: एक कसरतींच्या काठिण्याचा आणि दुसरा त्या किती नेटक्या केल्या याचा. दुसरा गुण १० पासून सुरू होतो आणि चुकांप्रमाणे ०.१, ०.३, ०.५ असा कापला जातो. पडलं तर पूर्ण १ जातो. गुडघा वाकला, पाय फाकले, उतरताना पाऊल सरकलं, सगळ्याची वजावट. त्यामुळे ओढूनताणून केलेल्या फ्लिपपेक्षा सरळ गुडघ्यांची साधी कार्टव्हील प्रशिक्षकांना जास्त काही सांगते.

प्रत्यक्ष चाचणीच्या वेळी पालकांना वरच्या गॅलरीत बसवलं होतं. खाली बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. ते मला पटलं. मूल सारखं आईकडे बघायला लागलं की प्रशिक्षकाचं अर्धंच ऐकू येतं. वॉर्मअप झाला, मग मुली छोट्या गटांत एकेका साधनाकडे गेल्या. पुलअप्स, स्टॉल बारला (भिंतीवरच्या शिडीला) लटकून पाय वर नेणं, हातांवर अंग तोलून पाय समोर सरळ धरणं, व्हॉल्टकडे धाव, तिन्ही बाजूंचे स्प्लिट. हे भराभर उरकलं. लेकीचा उजवा स्प्लिट टेकला, डावा टेकला नाही. खांदेही आखडलेले निघाले. हे मला वरूनही दिसत होतं.

हँडस्टँडपाशी मात्र त्यांनी वेळ घेतला. प्रत्येक मुलीला तो आधी तिच्या पद्धतीने करायला लावला. मग एकच सूचना, पुन्हा हँडस्टँड. मग दुसरी सूचना, पुन्हा. लेकीला सांगितलं, "खांदे कानाकडे ढकल." तिने ढकलले, पण त्या नादात पाय सुटले. "पाय राहू दे, आधी खांदेच." पुढच्या वेळी खांदे आले. मग, "आता तेच ठेवून टाचा चिकटव." ते आलं, पण क्षणभरच. शेजारी उभ्या असलेल्या सहायक प्रशिक्षिका दर वेळी काहीतरी लिहून घेत होत्या. तिच्याच गटातल्या एका मुलीला बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येणं) येत होती, आणि फार जोमदार येत होती. तिलाही त्यांनी त्याच हँडस्टँडवर तितकाच वेळ ठेवलं. तेव्हा मॅडमचं आधीचं वाक्य मला नीट कळलं.

मग बीम, म्हणजे तोल सांभाळत कसरती करायची अरुंद पट्टी. बीमची रुंदी १० सेंटिमीटर, लांबी ५ मीटर, आणि स्पर्धेतली उंची सव्वा मीटर. खालच्या बीमवर लेक सहज चालली, वळली, उडी मारली. उंच बीमवर मधोमध पोचली आणि वळायच्या जागी थिजली. हात पसरलेले, नजर पायांवर, पायाची बोटं बीमच्या कडेला घट्ट वळवलेली. माझा हात आपोआप गॅलरीच्या कठड्यावर गेला. प्रशिक्षिका शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही. "खाली नको बघू. बीमचं टोक बघ. वेळ घे." बराच वेळ काहीच घडलं नाही. मग तिने मान वर केली, टाचा उचलल्या आणि वळली. वळण डगमगतं होतं. खाली उतरल्यावर त्यांनी तिला तेवढंच विचारलं, "भीती वाटली ना?" ती "हो" म्हणाली. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

निकाल असा लागला: लगेच संघात नाही, पण काही महिने संघाबरोबर कमी तासांचा सराव करायचा आणि मग ठरवायचं. कारणंही स्पष्ट सांगितली. ताकद बरी, ऐकते चांगलं, घाबरली तरी घाबरल्याचं लपवत नाही. खांदे मोकळे व्हायला हवेत, डावी बाजू मागे आहे. गुण किंवा क्रमांक विचारणाऱ्या पालकांना त्यांनी तो सांगितला नाही, पण प्रत्येक मुलीबद्दल अशी दोन-चार नेमकी वाक्यं दिली. घरी कामाला आली ती ही वाक्यं.

आता परीक्षा त्यांची, असं मी ठरवूनच गेले होते. सरावाला किती तास, सुट्टी कधी, दुखल्यावर काय करता, मुलींचं वजन करता का, पालकांना कधीही बघायला बसता येतं का, हे सगळं विचारलं. शेवटचा प्रश्न विचारताना मी मुळीच संकोचले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक मुली आणि महिलांनी न्यायालयासमोर आपली कैफियत मांडली होती. उपचाराच्या नावाखाली तो वर्षानुवर्षं अत्याचार करत राहिला, आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ऐकलं नाही. म्हणून बंद दाराआड सराव नाही, मोठ्या माणसाबरोबर मूल एकटं नाही, आणि मुलीने "दुखतंय" म्हटलं तर ते खरं मानायचं, या तीन गोष्टींवर मी तडजोड करणार नव्हते. मॅडमनी एकाही प्रश्नाचा राग धरला नाही. वजन करत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. ज्या क्लबला हे प्रश्न खटकतात, तिथे मुलीला घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुखण्याबद्दल त्यांनी मनगटाचा मुद्दा स्वतःहून काढला. या खेळात बराच भार हातांवर येतो, आणि वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग अजून कच्चा असतो. अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखू लागलं आणि हातावर भार दिल्यावर वाढत असेल, तर पट्टा बांधून रेटायचं नाही, थांबायचं.

घाईचं एक दडपण माझ्या मनावर होतं, ते वाचनाने उतरलं. नादिया कोमानेचीने १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकमधला पहिला पैकीच्या पैकी १० मिळवला तेव्हा ती १४ वर्षांची होती, आणि या खेळाची तीच प्रतिमा अनेकांच्या डोक्यात बसली आहे. पण १९९७ पासून वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी मुलीला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. ओक्साना चुसोवितिना आठ ऑलिंपिक खेळली, आणि २००८ चं व्हॉल्टचं रौप्यपदक तिने ३३व्या वर्षी घेतलं. लहानपणी सपाट तळपायांमुळे हा खेळ जमायला कठीण, असं जिच्याबाबत वाटत होतं, ती दीपा कर्माकर २०१६ मध्ये रिओला व्हॉल्टमध्ये चौथी आली. आठव्या वर्षीच्या डाव्या स्प्लिटवरून काही ठरत नाही.

शेवटी लेकीला विचारलं. पदकाबद्दल एक शब्द काढला नाही. "तिथे बराच वेळ हॉलो आणि हँडस्टँडच करावं लागेल. नवीन उड्या फार उशिरा येतील. चालेल?" तिने आधी विचारलं, गाण्याचा तास सोडावा लागेल का. एक दिवस सोडावा लागणार होता. तिने दोन दिवस घेतले आणि मग "हो" म्हणाली.

कमी तासांच्या सरावाचे ते महिने संपल्यावर तिला संघात घेतलं. तळहातांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावून ती आता बारवर झोके घेते, पण खालून वर चढायची किप तिला अजून येत नाही. तिच्या गटातल्या दोघींना येते. मॅडम म्हणतात, खांदे मोकळे झाले की येईल. तोवर रोज संध्याकाळी हात वर करून भिंतीशी खांद्यांचा ताण, आणि डावा स्प्लिट उजव्यापेक्षा थोडा जास्त वेळ.