उघड्यावरची गाडी आणि पुण्यातला हिवाळा

आमच्या सोसायटीत छताखालचे पार्किंग मोजकेच असल्यामुळे माझी गाडी बारा महिने उघड्यावर असते. रंगाची चिंता बहुतेकांना पावसाळ्यात वाटते. माझ्या मते मात्र रंगाला खरे जड जातात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने. पावसाने गाडी आपोआप धुतली जाणे थांबते, आजूबाजूच्या बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ टपावर आणि बॉनेटवर साठत राहते, पहाटे त्या धुळीवर दव पडते आणि ऊन आल्यावर ते सुकले, की धुळीचा थर रंगाला घट्ट धरून बसतो.

ही धूळ नुसती बसून राहिली, तर काही दिवसांत फारसे बिघडत नाही; बिघडते ते ती पुसताना. रंगावरच्या पारदर्शक क्लिअर कोटची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. एकच बादली आणि एकच फडके घेऊन सकाळी ओळीने सगळ्या गाड्या पुसल्या जातात, तेव्हा फडक्यात अडकलेली रेती त्या कोटवर पॉलिश पेपरसारखी फिरते. उन्हात तिरपे पाहिल्यावर काळ्या गाड्यांवर दिसणारे बारीक गोल ओरखडे बहुतांशी अशा पुसण्याचेच असतात. म्हणून गाडी पुसायला येणाऱ्या मुलाला मी फक्त काचा पुसायला सांगितले आहे. पैसे अर्थातच पूर्वीइतकेच देतो.

रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा सावलीत गाडी धुवावी. पाण्याची टंचाई असली, तरी टपापासून खाली मगाने पाणी ओतून आधी धूळ वाहून जाऊ द्यावी, मग कार शाम्पू लावावा आणि शेवटी मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने टिपून घ्यावे. भांड्यांचा साबण रंगावर लावलेला वॅक्सचा (मेणाचा) संरक्षक थर काढून टाकतो आणि बोअरचे जड पाणी अंगावरच वाळू दिले, तर क्षारांचे पांढरे डाग राहतात.

कव्हरबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. रोज वापरायच्या गाडीला कव्हर नकोच, कारण धुळकट गाडीवर ते ओढताना आणि वाऱ्याने फडफडताना तेच घासते, शिवाय प्लास्टिकच्या कव्हराखाली दवाचा ओलावा कोंडतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर ती धुऊन, पूर्ण कोरडी करून, हवा खेळणारे कव्हर पट्ट्यांनी घट्ट बांधावे.

दिवाळीनंतर एकदा वॅक्स लावावे. कार्नोबा हे ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांपासूनचे वॅक्स काही आठवडेच टिकते, त्यामुळे संक्रांतीच्या सुमारास दुसरा हात द्यावा लागतो. त्याऐवजी सिंथेटिक सीलंट, म्हणजे कृत्रिम रसायनांचा संरक्षक लेप लावला, तर हिवाळा सहसा निभावतो. पाण्याचे थेंब गोल न राहता पसरू लागले, की थर संपत आला असे समजावे. साखर कारखान्यांजवळ राहणाऱ्यांना तर हे अधिक गरजेचे आहे, कारण गाळप हंगामात धुराड्यातून येणारी काजळी थेट गाडीवर उतरते.

पक्ष्यांच्या विष्ठेसाठी मात्र आठवड्याची वाट पाहू नये. तिच्यातील यूरिक आम्ल उन्हात तापलेल्या क्लिअर कोटमध्ये लवकर डाग पाडते. ओला कागदी रुमाल दहा मिनिटे तिच्यावर ठेवावा, ती मऊ झाली की न घासता अलगद उचलावी आणि त्या जागी स्वच्छ पाणी ओतावे. मी यासाठी डिकीत पाण्याची एक बाटली कायम ठेवतो.