तालमीतले पाहणे आणि प्रेक्षागृहातले पाहणे

दिग्दर्शन शिकायला लागल्यापासून एक गोष्ट रोज जाणवते, ती म्हणजे या कामाचा मोठा भाग नुसते पाहण्यात जातो. नट बोलतात, चालतात, पडतात, उठतात. नेपथ्यवाल्यांची ठोकाठोकी सुरू असते. प्रकाशयोजना करणारा शिडीवर चढून दिव्यांची तोंडे फिरवतो. आणि दिग्दर्शक समोर खुर्ची टाकून बसलेला असतो. हे नेमके कसले शिक्षण आहे ते माझ्या आईला अजूनही पटलेले नाही, आणि बसून पाहण्याचीही पदवी मिळते हे ऐकायला विचित्र वाटते, हे मलाही मान्य आहे. तरीही हे पाहणे फार अवघड आहे, कारण ते अजून न आलेल्या प्रेक्षकाच्या वतीने करायचे असते आणि तो कसा पाहील याचा अंदाज तालमीच्या खोलीतच बांधायचा असतो.

तालीम महिनाभर चालली की डोळा बोथट होतो. पुढचे वाक्य आपल्याला पाठ असते, त्यामुळे नटाने ते अर्धवट गिळले तरी आपल्याला ते पूर्ण ऐकू येते. कोण कोणाचा कोण हे आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत ते प्रेक्षकाला कळेल की नाही, हे तपासायचे सुचतच नाही. यावर विद्यार्थ्यांमध्ये काही उपाय चालत आलेले आहेत. एखादा प्रवेश रंगमंचाकडे पाठ फिरवून नुसता ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रवेश नटांना एक शब्दही न उच्चारता करायला लावायचा. ऐकताना लय कुठे ढासळते ते सापडते. नि:शब्द प्रवेशात नटाच्या हालचालीला काही कारण आहे, की तो उगाच इकडून तिकडे फिरतो आहे, ते उघड होते. मला दुसरा उपाय अधिक उपयोगाचा वाटतो. आमच्याकडची मुले कीर्तने, जयंतीची भाषणे आणि वक्तृत्व स्पर्धा ऐकत वाढलेली असतात, त्यांना आवाज लावायला शिकवावे लागत नाही. हात कुठे ठेवायचे ते मात्र शिकवावे लागते.

भरताचे नाट्यशास्त्र मी परीक्षेपुरते वाचायला घेतले आणि दोन अध्यायांत अडकून पडले. दुसऱ्या अध्यायात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे नाट्यगृहाचे तीन आकार सांगून झाल्यावर माणसांसाठी मध्यम प्रमाणाचे, म्हणजे ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद नाट्यगृह योग्य ठरवलेले आहे. एक हात साधारण दीड फुटाचा धरला तर ही जागा ९६ फूट बाय ४८ फूट होते, आणि तिच्यातली निम्मीच प्रेक्षकांच्या वाट्याला येते. याहून मोठ्या जागेत शब्द विरून जातो आणि चेहऱ्यावरचे भाव पोहोचत नाहीत, असे कारणही तिथेच दिलेले आहे. आमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणची सभागृहे बहुधा सभा, सत्कार, गॅदरिंग आणि नाटक या सगळ्यांसाठी मिळून बांधलेली असतात. त्यांच्या शेवटच्या रांगेत बसून नटाचा चेहरा शोधून पाहिला म्हणजे भरताचा हिशोब किती व्यवहारी होता ते कळते. तालमीच्या खोलीत नटाची पापणी हलली तरी दिसते आणि त्या पापणीवर आपण अख्खा प्रवेश उभा करतो. प्रयोगाच्या दिवशी तिचा अर्ध्या सभागृहाला पत्ताही नसतो.

सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग साधला हे कशावरून ओळखायचे, याची चर्चा आहे. तिथे सिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या आवाजातून आणि देहातून प्रकट होते: स्मित, मोठ्याने हसणे, वाहवा, हळहळ, अंगावर उभा राहणारा काटा. दैवी सिद्धीच्या वेळी प्रेक्षागृह भरलेले असते आणि तरीही आवाज नसतो, चुळबुळ नसते, कसलाही उत्पात नसतो. स्पर्धेचा प्रयोग संपल्यावर ‘लाफ्टर’ किती आले आणि टाळ्या कुठे पडल्या याची जी मोजदाद आम्ही चहाच्या टपरीवर करतो, ती सगळी मानुषी सिद्धीची असते. दुसऱ्या सिद्धीबद्दल टपरीवर कोणी बोलत नाही.

याच अध्यायात प्राश्निकांची यादी येते, आणि मला ती संपूर्ण ग्रंथातली सर्वांत आधुनिक गोष्ट वाटते. प्रयोगाच्या गुणदोषांचा निर्णय देणारे हे दहा जण आहेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायनवादन जाणणारा आणि राजसेवक. रंगमंचावर यज्ञ चालला असेल तर तो नीट चालला आहे का, हे यज्ञ जाणणाऱ्याने सांगायचे. बाण सोडण्याची तऱ्हा धनुर्धराने तपासायची. म्हणजे नाटक पाहण्याचा अधिकार नाटकवाल्यांपुरता ठेवलेला नाही, जगण्यातल्या ज्याच्या त्याच्या जाणकारीला तो वाटून दिलेला आहे. आमच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतात ते मात्र सगळे नाटकवालेच. ही यादी आजच्या मराठवाड्यासाठी नव्याने करायची झाली तर तिच्यात ऊसतोड मजूर, मुकादम, भाकरी थापणारी बाई आणि तलाठी यांना जागा द्यावी लागेल.

हा विचार सुचला तो आमच्याच एका एकांकिकेमुळे. वर्गमित्राने लिहिलेल्या या संहितेत बीड जिल्ह्यातले एक जोडपे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर तोडीला जाते. आमच्यातल्या एका नटाचे आईवडील दसऱ्यानंतर दरवर्षी तोडीला जात असल्यामुळे त्याने इतरांना सगळे काम शिकवले. वाकून कोयता बुडाशी घालायचा, पाचट काढायचे, शेंड्याचे वाढे तोडायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, हे सारे त्याने ऊस नसताना, लाकडी कोयत्यावर करून दाखवले. दिग्दर्शक म्हणून मला यात करण्यासारखे काही उरलेच नव्हते. माझे लक्ष मागच्या बाजूला होते, कारण तिथे कोपीच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीच्या, दाराशी दिवस भरत आलेली बायको मुकादमाशी बाकीचा हिशोब बोलत होती, आणि प्रवेश तिचा होता. पुस्तकात लक्षवेधाचे जे नियम असतात ते सगळे मी तिच्यासाठी वापरले होते: ती लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावर होती, एकटी होती, प्रकाश तिच्यावर अधिक होता आणि पुढचे तिघे कामात वाकलेले असल्यामुळे तिच्या डोक्यापर्यंत काहीही आड येत नव्हते.

एक प्रयोग बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाला. मी कडेच्या जागेवर, अर्धी रंगमंचाकडे आणि अर्धी प्रेक्षकांकडे वळून बसले होते. ही सवय अलीकडची आहे आणि तिने माझी मान दुखते. सभागृहातल्या निम्म्याहून अधिक नजरा पुढच्या हातांवर खिळलेल्या होत्या. माझा प्रकाश, माझी लेव्हल, कशाचाच त्यांच्यावर परिणाम नव्हता. मोळीचा आळा आवळला गेला तेव्हा मागून कोणीतरी शेजाऱ्याला म्हणाले, “बांधली बघ पोरानं नीट.” मात्र तिचे एकही वाक्य वाया जात नव्हते. लोक हात पाहत होते आणि तिला ऐकत होते. मुकादमाने बाकीचा आकडा सांगितला, त्या क्षणी नवऱ्याचा कोयता हवेतच थांबला, आणि हातांकडेच पाहत असलेल्या लोकांना तो थांबलेला दिसल्याबरोबर सभागृहात जे झाले, ते माझ्या रचनेने झाले असते असे मला वाटत नाही. कोयता थांबवण्याची ती जागा नटाने स्वतःच शोधली होती. तालमीत मी ती पाहिली होती आणि सोडून दिली होती.

पुढे छत्रपती संभाजीनगरात तीच एकांकिका झाली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा नियमाप्रमाणे तिच्यावर होत्या आणि थांबलेला कोयता फार थोड्यांनी टिपला. दोन्ही ठिकाणी टाळ्या पडल्या. दोन्ही ठिकाणचे लोक वेगवेगळे नाटक पाहून घरी गेले, आणि यांतले कोणते आमचे, या प्रश्नावर गटात अजून वाद आहे. माझे मत असे की, प्रेक्षक कुठे पाहणार हे दिग्दर्शक पूर्णपणे ठरवू शकत नाही. पण तो जिथे पाहील तिथे काहीतरी खरे चाललेले असेल, याची काळजी तो घेऊ शकतो. त्यासाठी रंगमंचाचा कोणताही कोपरा भरतीचा ठेवून चालत नाही.

बोलीच्या बाबतीत असाच अनुभव आहे. आमच्या गटात कोणी ‘करायलो’ म्हणणारा, कोणी ‘करूलालो’ म्हणणारा. संवाद प्रमाण मराठीत असले की हेच नट खांदे ताठ करून उभे राहतात, आणि आपल्या बोलीत बोलू दिले की त्यांचे वजन एका पायावर जाते, हनुवटी खाली येते, समोरच्याकडे पाहण्याची पद्धत बदलते. हा फरक आवाजाआधी शरीरात दिसतो. म्हणून मी आता पहिली वाचने बोलीत घेते, मग संहितेची भाषा कोणतीही असो.

दुसऱ्यांची नाटके पाहताना मी अलीकडे हाच प्रश्न बरोबर नेते: इथे लोक कुठे पाहत आहेत? मराठवाड्यातून पुढे गेलेल्या रंगकर्मींमध्ये ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेच्या मंडळींचे नाव आमच्याकडे अभिमानाने घेतले जाते. प्रशांत दळवी यांनी लिहिलेले आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेले ‘चारचौघी’ १९९१ मध्ये रंगभूमीवर आले आणि २०२२ मध्ये नव्या संचात पुन्हा सुरू झाले. त्यात विद्याचा नवऱ्याशी फोनवर बोलण्याचा दीर्घ प्रवेश आहे. पलीकडचा माणूस दिसत नाही, ऐकूही येत नाही. त्याची वाक्ये प्रेक्षकाला मनात रचून घ्यावी लागतात. दौऱ्यातला प्रयोग पाहताना माझ्या शेजारच्या मावशी त्या न ऐकू येणाऱ्या माणसाला दबक्या आवाजात उत्तरे देत होत्या, आणि त्यांची उत्तरे विद्याच्या उत्तरांहून बरीच तिखट होती. प्रेक्षकाला एवढे काम सोपवायचे आणि त्याच्यावर विश्वास ठेवून बाकी सगळे शांत ठेवायचे, यासाठी दिग्दर्शकाकडे जो धीर लागतो तो आमच्या पिढीकडे कमी आहे, असे मला वाटते.

तो धीर नसला की काय होते ते पाहायचे असेल तर एकांकिका स्पर्धांना सलग बसावे. वेळेची मर्यादा, नेपथ्य लावायला मिळणारी मोजकी मिनिटे आणि एका दिवसात होणारे अनेक प्रयोग यांमुळे सगळीकडे तेच ठोकळे, तेच काळे कपडे आणि दर प्रवेशाला ब्लॅकआऊट दिसतो. ब्लॅकआऊट झाला की प्रेक्षकाची नजर सुटते आणि ती पुन्हा बांधायला प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावी लागते. शिवाय दुःखाच्या वाक्याखाली बासरी आणि रागाच्या वाक्याखाली ढोल वाजवून, आता काय वाटून घ्यायचे हेही सांगून टाकलेले असते. तरीही मी हे प्रयोग चुकवत नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्या केंद्रावर असली की रोज रात्री एक नाटक पाहायला मिळते, आणि फसलेल्या नाटकात सांधे उघडे पडलेले असल्यामुळे ते शिकणाऱ्याला जास्त दाखवते.

याच्या अगदी उलट टोकाला आमच्याकडचा गोंधळ आहे. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर मुख्य गोंधळी आख्यान लावतो, साथीदार मधेच भाबडे प्रश्न विचारून त्याला अडवतो, आणि रात्र चढत जाते. लोक उठतात, चहा घेतात, पेंगतात, लहान मुलांना आत नेऊन निजवतात आणि परत येऊन बसतात. गोंधळ्याला याचा अपमान वाटत नाही. साथीदाराचा प्रश्न आला की मागचे सगळे थोडक्यात पुन्हा सांगितले जाते, म्हणजे उठून गेलेल्याची सोय रचनेतच केलेली असते. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांतही सादर करणारा एखादा शेला किंवा काठी घेऊन पात्रात शिरतो, क्षणात बाहेर येऊन लोकांशी बोलतो आणि पुन्हा पात्रात जातो. नटाने मधेच पात्राबाहेर येऊन प्रेक्षकाला विचार करायला लावावे असे म्हणणाऱ्या जर्मन नाटककार ब्रेख्तचा धडा वर्गात झाला तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला की, आमच्या गावचा भारुडकार हे रोजच करतो. तुलना सोपी आहे आणि पूर्ण खरी नाही, कारण भारुडकाराला प्रेक्षकाला भक्तीकडे न्यायचे असते आणि ब्रेख्तला प्रश्नाकडे. पण नजर सुटणार हे गृहीत धरून नाटक बांधण्याची रीत दोघांकडून शिकता येते.

पुढची निर्मिती म्हणून सभागृहाऐवजी महाविद्यालयाच्या आवारात, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक बसतील अशी एकांकिका करायचे ठरते आहे. दिवे कुठे टांगायचे आणि पावसाचे काय करायचे, हे प्रश्न आहेतच. तालमीच्या शेवटच्या आठवड्यात रोज दोन-तीन परकी माणसे बोलवावीत, असा माझा आग्रह आहे. त्यांतल्या एकाला संहितेतले काम प्रत्यक्ष येत असावे आणि एकाने आजवर नाटक पाहिलेले नसावे. अशी माणसे शोधण्याचे काम दोघांनी अंगावर घेतले आहे. त्यांच्या चहापाण्याचा खर्च कोणी द्यायचा, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.