डोळ्यांचा रोजा

संध्याकाळी पाच वाजता रोजेदाराच्या हातात पैसे देऊन त्याला पुण्यातल्या कौसर बागेत पाठवू नये. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज झालेली असते, घसा कोरडा पडलेला असतो आणि जिकडे बघावं तिकडे कढया. खिम्याचे समोसे, कांदाभजी, पुढे कापून मांडलेलं कलिंगड, दहीवडे, मालपुवे. त्या वेळी माणूस खरेदी करत नाही, दिवसभराचा सूड उगवतो.

पुण्यात खोली घेऊन एकटा राहायला लागलो, त्या वर्षी पहिल्याच रोज्याला मी सहा समोसे, पाव किलो भजी, फ्रूट चाटचा मोठा डबा, दोन दहीवडे आणि एक मालपुवा घेऊन आलो. खाणारा मी एकटा! अजान झाली. दोन खजूर, तांब्यातलं पाणी, रूहअफजाचा ग्लास, एक समोसा, आणि पोटाने हात टेकले. रात्री अकरा वाजता भजी मऊ पडून तेलात निजली होती आणि चाटमधली केळी काळी पडून पाण्यात तरंगत होती. समोसा तव्यावर शेकून सहेरीला, म्हणजे पहाटे रोजा धरण्याआधीच्या जेवणाला, चालतो. शिळ्या भज्याला मात्र कुणी वाली नाही.

गावी दादी असती तर ही वेळ आली नसती. ताटावर हावरटासारखा तुटून पडणारा नातू दिसला की ती म्हणायची, "पेट का रोजा खुल्या रे, आंखां का कब खुलता?" तिच्या हिशेबी माणसाला दोन रोजे असतात. पोटाचा एका खजुरावर सुटतो, डोळ्यांचा काही केल्या सुटत नाही. उरलेल्या केळ्यांचं ती सहेरीला शिकरण करी, शिळ्या चपात्यांचा कुस्करा. तिच्या हातून काही टाकलं गेलेलं मला आठवत नाही. तिला 'इस्राफ', म्हणजे उधळपट्टी, हा एकच अरबी शब्द जेवणाच्या बाबतीत पक्का ठाऊक होता. खा, प्या, पण उधळू नका, ही कुराणातल्या सूरह अल-आराफमधली ३१ वी आयत. ती आम्हाला मौलवींच्या आधी दादीने शिकवली, तीही हातात उलथनं धरून.

रोजा सोडायची मूळ रीत इतकी साधी आहे की आपण तिचं काय करून ठेवलंय, याचं हसू येतं. पैगंबरसाहेब ताज्या खजुरांवर रोजा सोडत, ताजे नसले तर सुक्यांवर, तेही नसले तर पाण्याच्या घोटांवर, आणि मग मगरिबच्या, सूर्यास्तानंतरच्या नमाजीला उभे राहत. यातली गंमत मला फार उशिरा कळली. खजूर पोटात गेला, नमाजीत दहा मिनिटं गेली, की ती पाच वाजताची राक्षसी भूक निम्म्यावर येते. आपण ती दहा मिनिटंच खाऊन टाकतो. अजान संपायच्या आत दुसरा समोसा हातात असतो. मग नमाजीत रुकूला वाकताना तो आठवण करून देतो. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, असा हदीसमधला, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनांतला हिशेब आहे. आमचा श्वासाचा भाग बहुधा मालपुवा घेतो.

मशिदीत मात्र असं होत नाही. आमच्या गावच्या मशिदीत प्रत्येक घरातून रुमालाखाली झाकलेलं ताट येतं आणि सगळं एका मोठ्या थाळ्यात रिकामं होतं. चणे, खजूर, भजी, केळ्याच्या फोडी, कांद्याला चिकटलेली जिलेबी. भोवती सहा-सात जण. प्रत्येकाला दुसऱ्याचा हात दिसत असतो, म्हणून कुणी ओरबाडत नाही, आणि थाळा पुसल्यासारखा साफ होतो. २०२३ मध्ये युनेस्कोने इफ्तारला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते बहुधा या थाळ्यासाठी असावं. हॉलमधल्या मोठ्या पार्ट्यांसाठी नक्कीच नसावं. तिथे बिर्याणी अर्धी चिवडलेल्या प्लेटांचे मनोरे मी पाहिलेत. आपल्याकडे पाहुण्यांना कमी पडलं तर नाक कापलं जातं. उरलेलं पातेलंभर फेकलं तर नाकाला काही होत नाही. २०२२ साली जगात एक अब्ज टनांहून जास्त अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्यात माझी पाव किलो भजी कुठेतरी असणारच.

हे सगळं एकदा शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या खो-खो हसल्या. "अरे, आमच्यात म्हणच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी!" साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर रताळ्याच्या चकत्या. डोळ्यांचा उपवास त्यांनाही जमत नाही म्हणे.

आता मी इफ्तारीची यादी सहेरीला करतो. पोट भरलेलं असतं, झोप डोळ्यांवर असते, त्यामुळे हात आपोआप आखडतो: खजूर, एक कलिंगड, दोन समोसे. संध्याकाळी खिशात तो कागद घेऊन कढयांसमोरून मान खाली घालून जायचं. भजीवाला "आज बस एवढंच?" असं विचारतो, तेव्हा अपमान झाल्यासारखं वाटतं, पण निभावतं.

परवा निभावलं नाही. गरम जिलेबी निघत होती आणि ती यादीत नव्हती. मग आठवलं, काकूंचा डबा आपल्याकडे पडलाय आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. पाव किलो घेतली, सगळी डब्यात भरली आणि अजानच्या आधी त्यांच्या दारात उभा राहिलो. काकूंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि घाईघाईने बंद केलं. रमजान अर्ध्यावर आला की संकष्टी येते, हे मी विसरलो होतो.

"चंद्र निघायला नऊ वाजतील," डबा माझ्या हातात परत ठेवत काकू म्हणाल्या, "तोवर तुझ्याकडेच ठेव. माझ्या डोळ्यांसमोर नको."