आमची वाटचाल : पश्चिमेच्या भिंतीची खिडकी

अलिबाग तालुक्यात खिडक्या करणारे पुष्कळ आहेत. पण सबंध घराला एकाच जातीची खिडकी न ठोकता भिंत बघून खिडकी ठरवणारं दुकान आमचं, हे मी ठासून सांगतो. पश्चिमेला आणि नैऋत्येला बाहेर उघडणाऱ्या झडपा, उत्तरेला किंवा पडवीखाली स्लाइडिंग, बाथरूमला वर बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी. ही पद्धत बाबांनी आणि सुतारकाकांनी १९९६ साली दुकान काढलं तेव्हाच ठरवली. हिच्याचपायी आम्ही एकदा बुडता बुडता वाचलो.

सुतारकाका बाबांचे भागीदार. माणूस लाकडाचा. सागवानी चौकट, आत उभे गज, बाहेर दोन झडपा, यात त्यांचा जन्म गेलेला. बाबा मुंबईहून ॲल्युमिनियमचं काम शिकून आले, तेव्हा काका सेक्शनला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांना, हातसुद्धा लावेनात. मग चौलच्या एका घरी गेले. चौकट ठणठणीत, झडपा मात्र खालून कुजलेल्या. काका म्हणाले, "चौकट काढायची नाही. हिच्यातच तुझ्या झडपा बसव." तिथून आमचं बदलीचं काम सुरू झालं. लाकडाला आणि ॲल्युमिनियमला मधे रबराची पट्टी, आणि स्क्रू सगळे स्टेनलेसचे. खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू पिळलात, की थोड्याच पावसाळ्यांत त्याच्याभोवती पांढरी भुकटी सुटते आणि भोक मोठं होतं. साधं लोखंड, ॲल्युमिनियम आणि मधे खारं पाणी, मग ॲल्युमिनियम झिजतंच.

काकांचा गुण्या आणि ओळंबा अजून दुकानात आहेत. लेझर लेव्हल आम्ही घेतली, डबल हेडचं कटिंग मशीनही आलं. ४५ अंशाचे दोन काप एकदम होतात, कोपरा क्लीटवर, म्हणजे आतल्या जोडतुकड्यावर, दाबला की फट राहत नाही. तरीही चौकट ओळंब्यात आहे की नाही हे दोरा सोडून बघितल्याशिवाय मी झडप टांगत नाही. कडप्प्याची चौकट बसवणारा गवंडी कितीही चांगला असू दे, सिमेंट सुकताना ती हलते. रुंदी वर, मधे आणि खाली मोजावी आणि सगळ्यांत लहान माप धरावं. दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत फरक निघाला तर आधी गवंड्याला बोलवा, आम्हाला नंतर.

त्याच चौलच्या घरच्या बाई. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. दर पावसाळ्याआधी त्या पश्चिमेच्या अंगाला माडाची झापं बांधून घ्यायच्या, म्हणजे झड आत येऊ नये. दर सांगायला गेलो की म्हणायच्या, "अरे, पैशाचं नंतर बोल. जुलैत माझा पलंग भिजेल का, ते आधी सांग." झडपा बसल्यावर पश्चिमेच्या खोलीची झापं त्यांनी बंद केली. त्यांच्या शब्दावर आम्हाला नागाव, आक्षी, रेवदंडा अशी कामं मिळत गेली.

मधली वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

२०१५ साली रस्त्याला लागून काचेची एक शोरूम उघडली. मालकाचं नाव मी घेणार नाही. पांढरं यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, सगळीकडे स्लाइडिंग, आमच्यापेक्षा चौरस फुटाला बराच खालचा दर. यूपीव्हीसीला माझा विरोध मुळीच नाही. कोपरे वितळवून जोडलेले असतात, खाऱ्या हवेने ते कुजत नाही, आम्हीही करतो. पण त्या पोकळ सेक्शनच्या पोटात गॅल्वनाइज्ड पोलादाची पट्टी हवी. ती गाळली की दर उतरतो आणि वाऱ्यात पल्ला वाकतो. घेणाऱ्याने कापलेला तुकडा मागावा आणि आत पोलाद आहे का ते डोळ्यांनी बघावं. देत नसतील तर उठून यावं.

त्या माणसाने गिऱ्हाइकांना काय सांगितलं, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "हे जुने लोक झडपा विकतात, कारण यांना स्लाइडिंग जमत नाही." आमच्या दुकानात थ्री-ट्रॅक स्लाइडिंगचे ढीग लागत होते तेव्हा हा या धंद्यातही नव्हता! त्याने आमची दोन पोरं जास्त पगारावर ओढली. ज्या बिल्डरच्या बंगल्यांचं आम्ही निम्मं काम केलं होतं, त्याने उरलेलं काम तिकडे दिलं आणि आमची बाकी अडकवून ठेवली. मशीनचा हप्ता चालू होता. २०१९ च्या दिवाळीत मशीन विकायची बोलणी झाली, गिऱ्हाईक बघूनही गेलं. काका तेव्हा थकले होते, तरी रोज दुकानात येऊन बसायचे. बाईंना कुठून कळलं माहीत नाही. त्यांनी माडीच्या सगळ्या खिडक्या बदलायचं काढलं आणि पूर्ण रक्कम आगाऊ दिली. मशीन राहिलं.

पुढे टाळेबंदी लागली आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर. १०० किलोमीटरचा वारा समोरून आला की त्याच्या दाबाने पाणी सुमारे ४७ मिलिमीटर वर चढतं. बहुतेक साध्या स्लाइडिंगच्या ट्रॅकची आतली कड तेवढी उंच नसते. मग निचऱ्याच्या भोकांतून पाणी बाहेर जायच्या ऐवजी ट्रॅक भरतो आणि घरात ओततो. बाहेर उघडणाऱ्या झडपेचं उलट आहे. वारा जितका जोरात, तितकी ती चौकटीच्या रबरी गॅस्केटवर घट्ट दाबली जाते.

त्या शोरूमच्या खिडक्यांचे पल्ले काही बंगल्यांत रुळावरून उतरून आत पडलेले मी स्वतः बघितले. बाईंची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, घरात पाणी शिरलं. पण ते वरून शिरलं. पश्चिमेच्या एकाही झडपेखालून थेंब आला नव्हता. फोन लागायला लागले तेव्हा हे त्यांनी आपणहून कळवलं आणि मी ते आधी काकांना सांगितलं.

पुढच्या दीड वर्षात ॲल्युमिनियमचा जागतिक भाव जवळपास दुप्पट झाला. तरी कागदावर लिहून दिलेले दर आम्ही पाळले, एकालाही वाढीव बिल दिलं नाही. शोरूम बंद पडली. तिचा मालक कुठे गेला याची मी चौकशी केली नाही. आमची दोन पोरं परत आली, घेतली. त्या बिल्डरच्या बंगल्यांतल्या काही घरमालकांनी परस्पर आमच्याकडून पश्चिमेच्या खिडक्या बदलून घेतल्या. बिल्डरची बाकी अजून वहीत आहे आणि ती मी खोडणार नाही.

झडपा घेणाऱ्यांनी ग्रीलचं आधी ठरवावं. झडप बाहेर उघडते, म्हणून ग्रील आत घ्या, नाहीतर बाहेर पल्ला उघडेल इतकी खोल पेटी करा. जाळीही आतूनच येते. माडीवर बाहेरून काच पुसायला हात पोचत नसेल आणि वर रुंद छज्जा असेल, तर मी स्वतःच स्लाइडिंग सुचवतो, त्याचे पल्ले आत काढून धुता येतात. ट्रॅकच्या निचऱ्याच्या भोकांत मे महिन्यात एकदा तार फिरवा, रंगारी आणि गवंडी ती हटकून बुजवून जातात. आणि माप घ्यायला मार्चच्या आत बोलवा. मे अखेरीला पहिला ढग दिसला की सगळ्यांचे फोन एकदम येतात, आणि तेव्हा आम्ही आधी घेतलेली कामंच पुरी करत असतो.