खुडूक नव्हती ती

परवा सकाळी खुराडं उघडलं तर सगळ्या कोंबड्या तुरुतुरु बाहेर पळाल्या आणि काळी तेवढी कोपऱ्यात बसून राहिली, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून. आत्या म्हणाल्या खुडूक बसली असंल, अंडी उबवायला, राहू दे. पण हात घातला तर ती ना गुरकावली ना टोचली, आणि खुडूक कोंबडी असा हात लावून देते होय? उचलून अंगणात ठेवली तर शेपूट खाली पाडून, पाय फाकून उभी राहिली आणि कुंथायला लागली. बुडाशी चाचपलं तर आत गोल काहीतरी लागलं. तलंगच आहे ती अजून, अंड्यावर येऊन महिना पण नाही झाला, अंडं अडकलं होतं.

घमेल्यात कोमट पाणी घेतलं, हाताला सोसंल इतपतच, आणि तिचं पोट बुडेल असं वीस मिनिटं धरून बसले, मग बुडाला गोडेतेल लावून पाटीखाली अंधारात ठेवली. दाबून काढावं असं मनात आलं होतं पण आत फुटलं तर टरफलानं जखम होते आणि कोंबडी हातची जाते, म्हणून हात आवरला. दुपारपर्यंत नसतं झालं तर दवाखान्यातच नेणार होते. अकराच्या सुमाराला पडलं अंडं, टरफल इतकं मऊ की बोटानं दबत होतं. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियमचंच असतं आणि आमच्या कोंबड्या खातात मका नि शिळी भाकरी, त्यात कॅल्शियम येणार कुठनं? आता शिंपल्याचा चुरा करवंटीत वेगळा ठेवते, जिला पाहिजे ती खाते.

काळी वाचली कारण आदल्या वर्षीचं डोक्यात होतं. आमचं गाव तासगाव तालुक्यात, मार्च-एप्रिलला द्राक्षाच्या गडबडीत कोंबड्यांकडं कुणाचं लक्ष नसतं, आणि मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, नेमकी तेव्हाच आली. पहिली कोंबडी पेंगली तेव्हा ऊन लागलं म्हणून कांदा चारला. मग हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडी टाकून श्वास, आणि चौथ्या दिवशी दोघींच्या माना पार पाठीकडं वळल्या. चौदातल्या नऊ गेल्या. मानमोडीवर औषध नाही, लसूण-हळदीनं ती थांबत नाही, आणि मी पहिलीला बाजूलाच काढलं नव्हतं, सगळ्या एकाच भांड्यातलं पाणी पीत होत्या, हे मला अजून लागतं.

कोंबडी दुखणं शेवटपर्यंत लपवते, कारण पेंगणाऱ्या कोंबडीला बाकीच्या टोचून काढतात. म्हणून मी आता रात्री खुराडं लावताना एकेकीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपते, ती भरलेली लागली पाहिजे, आणि सकाळी रिकामी. सकाळी पण टम्म असेल तर आत अडकलंय, रात्रीच रिकामी असेल तर तिनं दिवसभर खाल्लंच नाही. तुरा फिका पडलाय का काळपट, तेही टॉर्चमध्ये दिसतं. दोन मिनिटाचं काम. काही वेगळं वाटलं की आधी डालग्याखाली, बाकीच्यांपासून लांब. बाजारातनं आणलेली नवी कोंबडी पण तीन आठवडे वेगळीच. आणि मेलेली ओढ्याला टाकू नका हो, कुत्री ओढून गावभर नेतात, खड्डा करून चुना टाकून पुरा. एकदम पटापट मरायला लागल्या तर उघड्या हातानं शिवू नका, कापून खाऊ तर अजिबात नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मानमोडीवर खरा उपाय लसच. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, मग सहा ते आठ आठवड्याला आरटूबी नावाची लस टोचायची. अडचण अशी की बाटली शंभर-दोनशे कोंबड्यांची असते, एकदा कालवली की तास-दोन तासात संपवायला लागते, बर्फावरनं आणायला लागते, मग दहा कोंबड्यांसाठी कोण जातंय? असं म्हणूनच आमच्या गल्लीत कुणी दिली नव्हती, आणि मानमोडी मात्र सगळ्या घरात फिरली.

म्हणून यंदा मी घरोघरी जाऊन विचारलं. सहा घरं तयार झाली, मोजून त्रेसष्ट कोंबड्या. जंताचं औषध मागच्या रविवारी पाजून झालंय, उद्या पहाटे ऊन व्हायच्या आत जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर लस टोचायला येणार आहेत, बाटली थर्मासात बर्फ घालून आणणार आहेत. रात्री सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवायच्यात. काळीला मात्र महिनाभरानं टोचायची, ती अजून अशक्त आहे.