इंजिन झाकायचं की दाखवायचं? मोडेना ते स्टुटगार्ट

इटलीतल्या मोडेना स्टेशनवर उतरून चालत निघालं तरी एन्झो फेरारी म्युझियम फार लांब नाही. लांबूनच ते पिवळं छत दिसायला लागतं, गाडीच्या बॉनेटच्या आकाराचं, वर हवा आत घ्यायला ठेवतात तशा चिरा. २०१२ मध्ये हे म्युझियम उघडलं, डिझाइन यान काप्लिकीचं, पण तो २००९ मध्येच गेला, पूर्ण झालेली इमारत त्याला बघायला मिळाली नाही. बहुतेक लोक सरळ त्या छताखाली जातात कारण चकचकीत गाड्या तिथे आहेत. आम्ही आधी शेजारच्या जुन्या विटांच्या इमारतीत शिरलो. फेरारी कंपनी काढणाऱ्या एन्झोच्या वडिलांचं हे वर्कशॉप, आणि आता इथे फेरारीची इंजिनं मांडलीयेत, नुसती इंजिनं, स्टँडवर, गाडीशिवाय.

माझ्यासोबत माझा मावसभाऊ होता. दादाची नोकरी म्हणजे टेस्ट बेंचवर, गाडीबाहेर चाचणीच्या स्टँडवर, इंजिन चालवणं, मोजणं, परत उघडणं. मला गाड्यांचं वेड त्याच्यामुळेच लागलं. पण एका मुद्द्यावर आमचं अजिबात पटत नाही आणि हा अख्खा प्रवास आम्ही तोच वाद घालत केला: स्पोर्ट्स कारचं इंजिन काचेतून दिसलं पाहिजे का? माझं म्हणणं दिसलंच पाहिजे. दादाचं म्हणणं, इंजिनाचं काम चालायचं, दिसायचं नाही.

त्या इमारतीत फार लोक नव्हते त्यामुळे पाहिजे तेवढं जवळ जाऊन बघता आलं. ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा तसाच राहिलेला असतो आणि लगेच बोटभर अंतरावर मशिनिंग केलेली कड आरशासारखी गुळगुळीत. जुन्या व्ही१२ वर, म्हणजे V आकारात दोन ओळींत १२ सिलेंडर असलेल्या इंजिनावर, पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची तोंडं ओळीने वर उघडलेली. फेरारीची पहिली गाडी, १९४७ ची १२५ एस, तिच्यात कोलोम्बो या इंजिनिअरने बनवलेलं व्ही१२ होतं फक्त दीड लिटरचं, म्हणजे एकेक सिलेंडर साधारण १२५ सीसीचा, एवढ्या छोट्या मापात १२ सिलेंडर बसवायचे ही कल्पनाच जबरदस्त आहे. आणि पुढे १९५० च्या दशकात त्यांनी रेसिंग गाड्यांच्या इंजिनाची कॅम कव्हर्स, म्हणजे वरची झाकणं, लाल रंगवली आणि गाडीचं नावच टेस्टा रोसा, म्हणजे लाल डोकं, पडलं. मी दादाला लगेच म्हटलं, बघ, तेव्हा तर इंजिन बॉनेटखाली होतं, रस्त्यावरच्या कुणालाही दिसत नव्हतं, तरी रंगवलं. तो म्हणाला, "रंगवलं ना? रंगव. काच कशाला लावतेस वरून?"

मोडेनाहून मारानेलो, फेरारीच्या कारखान्याचं गाव, १८-२० किलोमीटर, बसने गेलो, रस्त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. मारानेलोच्या म्युझियममध्ये मात्र मी एफ४० च्या मागे जी उभी राहिले ती हललेच नाही.

एफ४० म्हणजे १९८७, कंपनीला ४० वर्षं झाली म्हणून काढलेली, एन्झो फेरारी हयात असताना आलेली शेवटची नवी गाडी, पुढच्याच वर्षी ते गेले. मागे २.९ लिटरचं व्ही८, दोन टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे), ४७८ हॉर्सपॉवर. या गाडीच्या मागच्या भागावर काच नाहीच, पारदर्शक प्लास्टिक आहे, आणि त्या प्लास्टिकमध्ये आडव्या फटी कापल्यात, गरम हवा सरळ वर निघून जावी म्हणून. टर्बो तापतात म्हणजे किती तापतात हे दादासारख्या माणसाला सांगायला नको. ती उष्णता कुठेतरी गेली पाहिजे, म्हणून फटी. आणि इंजिनावर पत्र्याऐवजी हलकं काहीतरी हवं म्हणून प्लास्टिक. या दोन कारणांनी ती गाडी मागून अशी दिसते, आणि त्या फटींमधून लाल रंगाचं इनटेक, म्हणजे हवा आत नेणारा भाग, आणि पाइपांचं जाळं तुकड्या-तुकड्याने दिसतं, तुम्ही डोकं हलवलं की वेगळा तुकडा. मला तरी अख्ख्या काचेतून दिसणाऱ्या इंजिनापेक्षा हे जास्त आवडतं, कारण इथे कुणी मुद्दाम दाखवायला बसलेलं नाही, थंड करण्याच्या कामातून ते आपोआप दिसतंय.

दादा पण इथे गप्प झाला, मग म्हणाला, "याला मी काही बोलणार नाही. ही खिडकी नाही, हा धुराडा आहे." मला हे इतकं पटलं की पुढच्या सगळ्या गाड्या मी याच नजरेने बघितल्या, खिडकी की धुराडा.

रोजच्या विक्रीच्या फेरारीत इंजिनावर काचेचं झाकण आलं ते १९९९ च्या ३६० मोडेनामध्ये. तिच्या आधीच्या ३५५ वर जाळीसारखं बंद झाकण होतं. ३६० पासून मात्र काच म्हणजे रिवाजच झाला, ४३०, ४५८, ४८८, सगळ्यांना. पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी आणि तिच्याभोवती लोक वाकून आत बघतायत हे दृश्य तेव्हापासूनचं. पण काच म्हणजे वजन, आणि ते वजन मागे, उंचावर, म्हणजे स्पोर्ट्स कारमध्ये जिथे ते अजिबात नको तिथे. शिवाय गाडी बंद केली की पाण्याचा पंप थांबतो, वारा थांबतो, आणि इंजिनातली साठलेली उष्णता वर चढते, तेव्हा वर बंद काच असेल तर बाजूच्या जाळ्यांवर सगळा भार. हा दादाचा मुद्दा आणि तो बरोबर आहे. २०१९ ची एफ८ ट्रिब्युटो बघा, तिथे कंपनीनेच काच काढून एफ४० सारखं फटी असलेलं पॉलिकार्बोनेटचं झाकण दिलं. मोडेनातच बनवलेली मासेराटी एमसी२० पण तशीच, तिच्या झाकणातल्या फटी तर त्रिशूळाच्या आकारात कापल्यात, थोडं जास्तच सजवलंय असं मला वाटतं पण हवा त्यातून जाते हे खरं.

एक गोष्ट मला कायम खटकते ती इथे लिहितेच. ३६० आणि ४३० च्या स्पायडरमध्ये, म्हणजे छत उघडणाऱ्या गाडीत, कापडी छत असूनही इंजिन काचेतून दिसायचं. २०११ मध्ये ४५८ स्पायडर आली, अ‍ॅल्युमिनियमचं घडी होणारं छत, आणि ते छत घडी होऊन बसतं बरोब्बर इंजिनाच्या वर. झालं, काच गेली. अमेरिकन कॉर्व्हेटचंही तेच, ८व्या पिढीत इंजिन पुढून मधे आलं, कूपेला मागे फक्त ३.२ मिलिमीटर जाडीची काच देऊन ६.२ लिटरचं व्ही८ दिसेल असं केलं, त्यासाठी वायरी, पाइप, ब्रॅकेट सगळं नीट दिसेल असं नव्याने आखलं, आणि कन्व्हर्टिबलमध्ये मात्र ते सगळं छताच्या डब्याखाली. म्हणजे ज्याला उघडी गाडी पाहिजे त्याने इंजिन बघायचं नाही. कारण समजतं मला, जागा तेवढीच आहे, पण तरी वाईट वाटतंच.

तिथून सांत'आगाता बोलोन्येझे, लॅम्बोर्गिनीचं गाव. सपाट शेतं आणि मधेच कारखाना, म्युझियम कारखान्यालाच लागून. इथे मिउरा बघितली की इंजिन दाखवण्याची गोष्ट किती जुनी आहे ते कळतं. १९६५ च्या तुरीन मोटर शोमध्ये लॅम्बोर्गिनीने गाडी नेलीच नव्हती, नुसती चासी नेली होती, बॉडीशिवाय, मधोमध आडवं ठेवलेलं ४ लिटरचं व्ही१२, त्याच्याशी एकत्र ओतलेला गिअरबॉक्स, आणि सगळं लोकांसमोर उघडं. ती बनवणारे इंजिनिअर दल्लारा, स्टान्झानी ही तेव्हाची अगदी तरुण मंडळी. आणि लोक त्या सांगाड्यावरच फिदा झाले. बॉडी नंतर आली, बेर्तोने या डिझाइन कंपनीकडे गांदिनीने केलेली, १९६६ च्या जिनिव्हा शोमध्ये. त्या बॉडीवरही मागे काच नव्हती, काळ्या पट्ट्या होत्या, गरम हवा बाहेर जायला आणि ड्रायव्हरला मागचं थोडंफार दिसायला. साधारण त्याच काळात मोडेनाच्या डी तोमासो कंपनीने मँगुस्ता काढली, जुजारोचं डिझाइन, तिच्या इंजिनावर दोन काचांची झाकणं, मधल्या कण्यावर बिजागरी, पंखासारखी दोन्ही बाजूंना उघडणारी. म्हणजे आज ज्याला आपण नवीन फॅशन म्हणतो ती ६० वर्षांपूर्वीची आहे.

लॅम्बोर्गिनीच्याच अ‍ॅव्हेंटाडोरच्या इंजिनावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर फायरिंग ऑर्डर लिहिलेली, १-१२-४-९-२-११-६-७-३-१०-५-८. कुठला सिलेंडर कोणाच्या नंतर पेटतो तो क्रम. मला ही पट्टी प्रचंड आवडते, कारण ते इंजिन काय करतंय ते तुम्हाला सरळ सांगितलंय, वाचत वाचत नजर एका बाजूच्या सिलेंडरवरून दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी बंद असली तरी ती चाल डोक्यात सुरू होते. मी दादाला विचारलं आता सांग, हे झाकून ठेवायचं? तो म्हणाला, "पट्टी ठेव, पण आजूबाजूचं काळं प्लास्टिक काढ आधी."

आणि इथेच मला त्याचं खरं दुखणं समजलं. त्याचा राग काचेवर नाहीच. आजकालच्या कितीतरी गाड्यांमध्ये इंजिनावर एक मोठं प्लास्टिकचं कव्हर बसवतात, आवाज कमी व्हावा आणि वायरी दिसू नयेत म्हणून, साध्या गाडीत ठीक आहे, पण स्पोर्ट्स कारमध्ये वर काच लावायची, आत लाइट लावायचे, ऑडी आर८ मध्ये तर इंजिन बेमध्ये एलईडी लाइट घेता यायचे, आणि एवढं करून दाखवायचं काय तर कव्हर? "मॅनिफोल्ड दाखव, हेड दाखव, पाइपचं वेल्डिंग दाखव. झाकणाला झाकण घालून काय दाखवतात?" असं तो बोलला आणि मी यावर एक शब्द उलटा बोलले नाही. माझंही तेच मत आहे आणि आधीपासून आहे. काच लावायची तर काचेआड धातू पाहिजे.

बरं, ज्यांना वेग पाहिजे ते स्वतःच काच काढून टाकतात हेही तितकंच खरं. लॅम्बोर्गिनीच्या हुराकान परफॉर्मान्तेला मागे कार्बनचं झाकण आहे, अ‍ॅव्हेंटाडोर एसव्हीजेलाही. दादाने हे दोन्ही मला बोटावर मोजून दाखवले. त्यावर माझं उत्तर बुगाटी व्हेरॉन, २००५ ची, ८ लिटरचं, १६ सिलेंडरचं डब्ल्यू१६, ४ टर्बो, १००१ हॉर्सपॉवर, आणि इंजिनावर वरून झाकणच नाही, उघडं, कारण एवढी उष्णता कोंडून ठेवणं परवडणारच नव्हतं. आणि २०२३ ची लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्तो, हायब्रिड असून, ३ इलेक्ट्रिक मोटर असून, व्ही१२ वरून उघडंच ठेवलंय. बॅटरी गाडीच्या मधल्या बोगद्यात गेली, गिअरबॉक्स मागे गेला, पण इंजिन लोकांना दिसलं पाहिजे हे त्यांनी सोडलं नाही. यासाठी त्यांचे मनापासून आभार.

मग ट्रेनने स्टुटगार्ट. हा टप्पा दादाच्या हट्टामुळे, कारण पोर्शे म्हणजे त्याची बाजू. पोर्शे म्युझियम झुफेनहाउझेनला आहे, एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पकडून नॉयवर्ट्सहाउस स्टेशनला उतरलं की समोरच, तीन खांबांवर तोललेली प्रचंड पांढरी इमारत.

पोर्शेची आजची ९११ मागून उघडली तर काय दिसतं? दोन पंखे, आणि तेल आणि कूलंट ओतायची टोपणं. बस. इंजिन त्याच्याखाली कुठेतरी. आणि इथे मला दादाचं ऐकावं लागतं, कारण तिचं बॉक्सर इंजिन, म्हणजे समोरासमोर झोपवलेले सिलेंडर असलेलं, आडवं, चपटं, जमिनीजवळ बसवलेलं असतं, ते खाली आहे म्हणूनच गाडी वळणावर तशी चिकटून जाते, वरून काच लावली तरी बघणार काय. ९११ ने इंजिन दाखवावं असा आग्रह मी धरणार नाही. पण पोर्शेच्याच केमनचं काय? तिथे इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध, आणि मालकाला ते बाहेरून उघडून बघायची सोयच नाही, डिकीत फक्त तेल आणि कूलंटची टोपणं. म्हणजे एवढी सुंदर गाडी वर्षानुवर्षं चालवणाऱ्या माणसाने आपलं इंजिन कधी बघितलेलंच नसतं, बघतो तो सर्व्हिसवाला, गाडी वर चढवून. हे मला मान्य नाही आणि होणारही नाही. काच नका देऊ, निदान एक झाकण द्या जे मालकाला उघडता येईल.

दादाचं यावर म्हणणं की ज्याला गरज नाही त्याने कशाला उघडावं. मी त्याला ओढत ९१७ कडे नेलं. १९६९ ची रेसची गाडी, एअर-कूल्ड, १२ सिलेंडर आडवे, आणि वर मधोमध झोपवलेला मोठा पंखा, जो मागून उभं राहिलं की डोळ्यात भरतो. १९७० आणि ७१ ला याच गाडीने पोर्शेला ल मांसची २४ तासांची रेस जिंकून दिली. तो पंखा हवा पिऊन खाली सिलेंडरवर फेकतो म्हणून त्याला वर मोकळी जागा लागते, म्हणून तो दिसतो. दादा खूप वेळ बघत राहिला, मग पात्यांचा कोन, बेल्ट नाही तर शाफ्टने फिरतो वगैरे मलाच समजवायला लागला. मी म्हटलं दादा, हे सगळं तू मला सांगू शकतोयस कारण ते दिसतंय. "बरं बाई, पण प्लास्टिक नको," एवढंच म्हणाला.

कुणी जाणार असाल तर स्टुटगार्टला सोमवार टाळा, पोर्शे म्युझियम बंद असतं. आणि ऑगस्टमध्ये इटलीचा बेत करू नका, कारखाने बऱ्यापैकी सुट्टीवर असतात, लॅम्बोर्गिनीची असेंब्ली लाइन बघायची असेल तर आधी चौकशी करूनच तिकिटं काढा.