३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर: दुरुस्त करावे की बदलावे? (सोलापूर, नोंद दुसरी)

वडिलांकडून वारसाने माझ्या परवान्यावर आलेल्या ३२ बोअरच्या जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरचा नेम २५ मीटरवर फाकू लागला आहे, हे मागील नोंदीत लिहिले होते. ते दुरुस्त करून घ्यावे की परवान्यावर नवे चढवून घ्यावे, हा प्रश्न तेव्हा मोकळा ठेवला होता. आता माझा कौल दुरुस्तीच्या बाजूने आहे.

गोळ्या फाकण्यामागे नेमबाजाचा हात, काडतूस किंवा हत्यार यांपैकी काहीही असू शकते, म्हणून ही तिन्ही एकमेकांपासून वेगळी करणे आवश्यक होते. रेंजवर मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून, प्रत्येक वेळी घोडा (चाप नव्हे, काडतुसावर आपटणारा मागचा भाग) आधी मागे ओढून आणि दोन वेगवेगळ्या लॉटची काडतुसे वापरून मी गोळ्या झाडल्या. सर्वांत उपयोगी ठरली ती मात्र एक साधी गोष्ट: सिलिंडरच्या सहाही चेंबरना, म्हणजे काडतुसे भरण्याच्या घरांना, क्रमांक देऊन प्रत्येक चेंबरसाठी स्वतंत्र कागद लावला. पाच चेंबरच्या गोळ्या एकमेकींच्या जवळ, बहुतांशी ५० मिलिमीटर व्यासाच्या दहा गुणांच्या मधल्या वर्तुळात किंवा त्याला लागून पडल्या. चौथ्या चेंबरच्या गोळ्या दोन्ही लॉटमध्ये डावीकडे विखुरल्या. नळीची रायफलिंग (आतले पीळदार खाचे) झिजली असती किंवा पुढच्या तोंडाची कड दुखावली असती, तर सहाही कागद सारखेच बिघडलेले दिसले असते. ज्यांना अशी शंका आहे त्यांनी काहीही खर्च करण्यापूर्वी ही चाचणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

घरी आल्यावर, हत्यार रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, घोडा अगदी सावकाश ओढला. चौथ्या चेंबरवर घोडा पूर्ण मागे गेला तरी सिलिंडर जागेवर येऊन अडकत नाही. बोटाने किंचित पुढे ढकलल्यावरच अडकतो. याचा अर्थ, त्या क्षणी चेंबर आणि नळी एका रेषेत नसतात. गोळी नळीच्या मागच्या उतरत्या तोंडावर एका बाजूने आदळते, तिचे शिसे तासले जाते आणि ती वेडीवाकडी होऊनच नळीत शिरते. नळीच्या मागच्या तोंडाशी एकाच बाजूला साचलेला शिशाचा थर हेच सांगत होता. दोष सर्व चेंबरवर असता तर सिलिंडर फिरवणारा भाग झिजला असे म्हणता आले असते. तो एकाच चेंबरवर असल्याने सिलिंडरच्या मागचा त्या चेंबरचा दाता, ज्याला ढकलून सिलिंडर फिरतो, झिजला असण्याचा संभव अधिक. सिलिंडर आणि नळी यांमधील फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) ०.२ मिलिमीटर भरली, जी चालण्यासारखी आहे. हे रिव्हॉल्व्हर काडतुसे भरण्यासाठी मधून मोडून उघडते; त्याची बिजागरी आणि ते बंद ठेवणारी वरची खिटी घट्ट आहेत. त्या सैल असत्या तर मी दुरुस्तीचा विचारच सोडला असता, कारण या बनावटीत नेम धरण्याची पुढची माशी नळीवर आणि मागची खाच खिटीवर असते, आणि त्यांचे परस्परांचे स्थानच डळमळले असते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत इतक्या बारीक कामाचे उत्तम टर्नर आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. तरीही शस्त्र त्यांच्याकडे नेणे शक्य नाही: शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती करणे हा गुन्हा आहे. म्हणून काम परवानाधारक गनस्मिथकडेच जाईल.

बदलाचा पर्यायही मी गांभीर्याने तपासला. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे ३ इंची नळीचे रिव्हॉल्व्हर मिळू शकते, परंतु ते जवळ बाळगण्यासाठी घडवलेले हत्यार आहे; माझ्या सध्याच्या रिव्हॉल्व्हरची नळी त्याहून लांब असल्याने २५ मीटरवर नेम धरणे तिच्यावर अधिक सोपे जाते. शिवाय जुने शस्त्र दुसऱ्या परवानाधारकास विकायचे तर लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच शस्त्रे ठेवता येतात. माझी दुसरी जागा बंदुकीने व्यापलेली असल्याने जुने दिल्याशिवाय नवे घेता येणार नाही.

गनस्मिथला चौथ्या चेंबरचा कागद आणि शिशाच्या थराचे छायाचित्र हत्यारासोबत देणार आहे. काम झाल्यावर त्याच दोन लॉटची उरलेली काडतुसे, तसेच सहा कोरे कागद आणि तीच वाळूची पिशवी वापरून चाचणी घेईन. नळीच्या मागच्या तोंडाला तडा निघाला, किंवा नव्याने बसवलेला दाता पुन्हा लवकर झिजला, तरच बदलासाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज करीन.